जांभळं औषध

प्रिय बडबडे,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय म्हणून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, घर जागेवर आहे, कुणी गेलेलं नाही. घरच्या पत्त्यावर का पाठवलं नाही ते वाचता वाचता कळेल.

रविवारी तू फोनवर म्हणालीस, "आई, जांभळं औषध संपलंय, एक बाटली पाठव ना," आणि मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी चौकातल्या औषधांच्या दुकानात गेलेसुद्धा. म्हातारा कंपाउंडर आता फक्त सकाळचा बसतो. तोंड आल्यावर लावायचं ते औषध त्याच्याशिवाय कुणाला करता येत नाही, किंवा करायची लाज वाटत असेल. मला पाहून तो न विचारताच मागच्या कपाटाकडे वळला. "तुमचं की लेकीचं?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, लेकीचं. "चालायचंच. रक्तातच आहे तुमच्या," म्हणाला आणि ग्लिसरीन ओतायला लागला. पुढे दुकानात जे झालं ते तुला सांगायचंय, पण त्याआधीचं सांगितल्याशिवाय ते वेड्यासारखं वाटेल. फोनवर हे जमत नाही. तू "बरंय, बरंय" म्हणतेस, मी "बरं, बरं" म्हणते, आणि फोन ठेवल्यावर आपण दोघींनी एकमेकींना काय सांगितलं ते शोधायला भिंग लागेल.

पत्राचंही माझं तसं कठीणच आहे. मला पत्र लिहायला शिकवलं ननांनी. दर शनिवारी बोर्डिंगमध्ये सिस्टर फळ्यावर मजकूर लिहायची आणि वर्गभर मुली तो उतरवून काढायच्या. पहिल्या परिच्छेदात तब्येत, दुसऱ्यात हवा, तिसऱ्यात अभ्यास, शेवटी वडीलधाऱ्यांना नमस्कार. 'मी येथे मजेत आहे.' ताप असला तरी मजेत, तोंड आलेलं असलं आणि आठवडाभर पेजेशिवाय काही गिळलं नसलं तरी मजेत. एकदा मी फळ्यावर नसलेलं एक वाक्य घातलं, तर सिस्टरने ते लाल पेन्सिलीने खोडलं आणि म्हणाली, दुःख देवाला अर्पण करायचं असतं, पोस्टाला नाही. एवढं करून मला काय मिळालं? अक्षर. माझ्या अक्षराचं ऑफिसात सगळे कौतुक करायचे. तेव्हा आधी पद्धतीप्रमाणे उरकते. तब्येत: गुडघा कुरकुरतो, बाकी बरी. हवा: आहे तशी.

अभ्यासाच्या जागी दाताची बातमी. खालच्या दाढा गेल्या, आता अर्धी कवळी बसवायची आहे. आपले जुने दंतवैद्य घरी बसले, त्यांच्या जागी त्यांची सून आहे. तुझ्याहून लहान असेल, केसांना दोन्ही बाजूंनी क्लिपा. मला "काकू" म्हणाली. मी म्हटलं, काकू म्हणू नकोस, तुझ्या काकांशी माझी ओळख नाही. तर हसली आणि आजी म्हणायला लागली. घ्या! तिने तोंडात आरसा घातला आणि विचारलं, तोंड वारंवार येतं का, कारण येत असेल तर कवळी घासून त्रास होईल. या लोकांना प्रश्न नेमके आपलं तोंड उघडं असतानाच सुचतात. आरसा काढल्यावर मी म्हटलं, यायचं, आता येत नाही. "कधीपासून?" मी म्हटलं, नवरा गेल्यापासून. गॅस संपल्यापासून, असं सांगावं तशा आवाजात म्हटलं. ती हात धुवायला निघाली होती, ती थांबली.

खरं सांगायचं तर हे मी तिला सांगेपर्यंत स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तुझे बाबा गेल्यावर काही आठवड्यांनी मी ओट्यापाशी उभी राहून संत्रं सोलत होते. तू परत गेली होतीस, भेटायला येणारे थांबले होते. कुणीतरी संत्री आणून ठेवली होती आणि ती सुकायला लागली होती, म्हणून सोललं, एवढंच. एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली, सगळं संत्रं संपलं, आणि मग लक्षात आलं की काही झोंबलं नाही. चष्मा हरवल्यावर आपण टेबल चाचपतो, तशी मी जीभ सगळीकडे फिरवून पाहिली. डावा गाल, उजवा गाल, ओठांच्या आत, जिभेखाली. गुळगुळीत. लग्नानंतर मी संत्रं असं पुरतं कधी खाल्लं असेल, आठवेना. मला आनंद झाला असं म्हणशील तर नाही. वाईटही वाटलं नाही. सालं कचऱ्यात टाकली, ओटा पुसला. त्या दिवसांत सगळे मला सांगत होते, रडून घ्या, मन मोकळं करा. तुझी आत्या तर रोज फोन करून स्वतः रडायची आणि मी रडत नाही म्हणून रागवायची. मला रडू येत नव्हतं. हसूही येत नव्हतं. फक्त संत्री खाता येत होती. ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी आहे का?

त्या मुलीने मला खुर्चीवरून उठूच दिलं नाही. म्हणाली, आजी, तोंड येण्याचं नक्की कारण अजून कुणालाच ठाऊक नाही. घराण्यात असतं, लोह कमी पडतं, ब्रश लागतो, एखादी टूथपेस्ट सोसत नाही. वयाप्रमाणेही पुष्कळांचं कमी होतं. आणि मन त्रासात असलं की काहींना जास्त येतं. मग ते दुखतं म्हणून माणूस धड जेवत नाही, झोपत नाही, बोलत नाही, की मन आणखी खचतं, आणि ते फिरत राहतं. ताण होता का, असं विचारलं. मी तडकले. हल्ली ऊठसूट ताण. केस गळले, ताण. दूध उतू गेलं, ताण. आमच्या वेळी ताण कपडे वाळत घालायच्या दोरीला असायचा. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, ताण नको म्हणूया. घरी सगळं ठीक होतं का?" आता हाच प्रश्न तिच्या सासऱ्यांनी मला पूर्वी विचारला होता. त्याच खोलीत, तू माझ्या पोटात असताना. तेव्हा बाजूच्या स्टुलावर तुझे बाबा बसले होते. ते म्हणाले, "अगदी छान." माझं तोंड उघडं होतं. बंद असतं तरी मी तेच म्हटलं असतं.

तुझ्या बाबांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही की आवाज चढवला नाही. हे आधीच लिहिते, कारण तुझी आत्या त्यांना देवमाणूस म्हणते आणि मला कुणाचा देव फोडायचा नाही. त्यांनी तुला सायकल शिकवली, तुझे बूट रोज स्वतः पुसले, माझ्या पगाराला कधी हात लावला नाही. ते फक्त बोलायचं थांबत. भांडण नाही, कारण नाही. कारण आपण शोधायचं. वेळेवर जेवत, पेपर वाचत, दाराची कडी हलकेच लावत. आणि माझ्यावरून नजर अशी जाई की मी म्हणजे वाटेत आलेली खुर्ची. कधी दोन दिवस, कधी महिना. मग एक दिवस "आमटी बरी झालीय" म्हणत, की अबोला संपला. आणि मी, पाणीखात्याच्या तक्रारींच्या खिडकीमागे जिच्या चपलांचा आवाज ऐकून कारकून ताठ बसायचे ती मी, त्या आमटीच्या वाक्यावर दिवसभर तरंगायचे. अबोला सुरू झाला की दोन-तीन दिवसांत जिभेच्या कडेला टोचायला लागायचं. मला वाटायचं, तोंड आलंय म्हणून माझा चेहरा वाईट दिसतो आणि म्हणून ते बोलत नाहीत. इतकी मी हुशार. मग जांभळं औषध लावून, शाई प्यायल्यासारख्या ओठांनी त्यांना वाढायचे. मला याचा राग यायला हवा. तो मी कुठे ठेवलाय ते सापडत नाही. दाताचं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला नसतो ना, बोट लावलं तर दुसऱ्याच्या गालाला लावल्यासारखं वाटतं, तसं हे लिहिताना होतंय.

आणि त्या घरात तू होतीस. तुला आठवतं का, तू आमची पोस्टमन होतीस? मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, बाबांना विचार, चहा टाकू का. तू बाहेरच्या खोलीत धावायचीस: "महाराज, राणीसरकार विचारतात, चहा घेणार का?" मग नाकात त्यांचा आवाज काढत परत: "सांग, नको." तू आमच्या दोघांच्या नकला करायचीस आणि मधे स्वतःच्या पदरची वाक्यं घालायचीस. "बाबा म्हणाले, चहा नको, पण आई आज छान दिसते." ते असं काही म्हणाले नव्हते. मला ठाऊक होतं. तरी मी केस सारखे करायचे. त्यावरून तुला बडबडी नाव पडलं. लोकांना वाटायचं, काय आनंदी पोर आहे. तुझं तोंड पहिल्यांदा आलं ते त्याच दिवसांत. तुझी आजी, म्हणजे माझी आई, आलेली होती. तिने तुझा ओठ खाली ओढून पाहिला आणि म्हणाली, "गेलं बाई नातीकडे!" कानातले दिल्यासारख्या कौतुकाने. मलाही जरा बरंच वाटलं, की चला, निदान काहीतरी माझ्यावर गेलं. आपण तिघी ओळीत बसलो आणि आजीने एकाच काडीने, एकाच बाटलीतून तिघींना औषध लावलं. बाबांनी पेपरावरून पाहिलं आणि हसले. तेव्हा अबोला संपला. म्हणून ती दुपार मी सुखाची म्हणून जपून ठेवली होती.

आता गेल्या महिन्याचं. मी तुझ्याकडे राहायला आले होते. तू जावयांना पहिल्यांदा घरी आणलंस तेव्हा मीच म्हटलं होतं की मुलगा सोन्यासारखा आहे, शांत आहे, आवाज चढवत नाही. पहिल्याच रात्री आपण तिघं जेवायला बसलो. ते मला म्हणाले, "आई, तिला सांगा, उद्या मला लवकर निघायचंय." तू समोर होतीस. मिठाची बरणी त्यांना तुझ्यापेक्षा लांब होती. मला वाटलं, चेष्टा आहे. मी चेष्टेतच तुला म्हटलं, बाईसाहेब, साहेबांना उद्या लवकर निघायचंय. तू ताटातून मान वर न काढता म्हणालीस, "सांग, डबा तयार असेल." मी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. होते तोवर सांगत राहिले. इस्त्रीचे कपडे आले का, विजेच्या माणसाला बोलावलं का. तुझ्यासारख्या नकला मला येत नाहीत, म्हणून जसंच्या तसं पोचवत राहिले. तूही नकला केल्या नाहीस. तू पाव दुधात बुडवून, गार करून, एकाच बाजूने खात होतीस आणि जिभेने गाल दातांपासून दूर धरत होतीस. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "काही नाही गं, आपलं नेहमीचं. घराण्याची इस्टेट." न्हाणीघरात बेसिनवर बधिर करणाऱ्या जेलची ट्यूब होती, खालून वर गुंडाळत आणलेली, अगदी टोपणापर्यंत. मी ती सरळ करून ठेवली. का, कोण जाणे.

खिडकीमागे इतकी वर्षं बसून मला एक गोष्ट शिकता आली होती. जो माणूस आरडाओरडा करत यायचा, त्याच्याकडे नळाचा वायसर गेलेला असायचा. आणि जो म्हणायचा, "तसं विशेष काही नाही, सवडीने पाठवा कुणाला तरी," त्याच्याकडे माणूस पाठवला तर छत खाली आलेलं असायचं. मी नव्या कारकुनांना पहिल्या दिवशी हेच सांगायचे. तुझ्या घरून परत येताना बसमध्ये मला हे आठवायला हवं होतं. नाही आठवलं. शेजारची बाई तिच्या सुनेबद्दल सांगत होती, मी हं, हं करत होते. घरी आले, कपडे धुतले, झोपले. तू म्हणालीस नेहमीचं, म्हणजे नेहमीचंच असणार.

मग ती क्लिपावाली मुलगी, तिचा तो प्रश्न. आणि मग रविवारी तुझा फोन. "जांभळं औषध संपलंय." मागे तू असं कधी मागितलं होतंस ते आठवायला लागले तर, बडबडे, प्रत्येक वेळी "हे सध्या कामात आहेत, फार बोलत नाहीत," असं तू त्याच फोनवर म्हणाली होतीस. आधी किंवा नंतर. मी दोन्ही वाक्यं ऐकली होती. वेगवेगळी ऐकली होती.

तर दुकानात कंपाउंडरने बूच बसवलं, चिठ्ठी चिकटवली आणि बाटली काचेवर ठेवली. मला ती उचलता येईना. हात दुखत नव्हता, काही नव्हतं. आजीने मला लग्नात अशीच बाटली रुमालात बांधून दिली होती. तिने मला काही विचारलं नाही. तिच्या घरात काय चाललं होतं ते मीही तिला विचारलं नाही. बाटली मात्र घेतली. मग तुझ्या लग्नात तुझ्या बॅगेत मी ठेवली, स्वेटरमध्ये गुंडाळून, फुटू नये म्हणून. रक्तातलं असेलही, ती मुलगी म्हणाली, असू शकतं. पण रक्ताच्या नावावर आपण किती वर्षं एकमेकींना काही न विचारता काढली. मी म्हटलं, राहू द्या. कंपाउंडर म्हणाला, "अहो, केलीय ना आता." मी म्हटलं, ओतून टाका. तो फार दुखावला. "काय चुकलं का आमचं?" म्हणत होता. त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, पण मी त्याला फाडून खाल्लं, गिऱ्हाइकांसमोर. बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसले. तेव्हा मला कळलं की राग सापडला. फक्त चुकीच्या माणसासमोर सापडला. काल जाऊन त्याची माफी मागितली. तो म्हणाला, तुमच्या लेकीला बरं वाटलं का? मी म्हटलं, अजून विचारलं नाही.

म्हणून विचारतेय. ठीक आहेस का? फळ्यावरचं उत्तर नको. लिहून पाठवायची गरज नाही, कारण पुढच्या शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी येतेय. येऊ का म्हणून विचारत नाही, कळवतेय. रात्री आपण तिघं जेवायला बसू. ते म्हणतील, "आई, तिला सांगा." मी सांगणार नाही. म्हणेन, ती समोर बसलीय, तुमचं तुम्ही सांगा. मग काय होईल मला ठाऊक नाही. माझ्याशीही अबोला धरतील कदाचित; धरू देत, मला पुष्कळ सराव आहे. तूही नाराज होशील, ते मात्र मला अवघड जाईल. मी तुझा संसार मोडायला येत नाहीये. निरोप पोचवायचं बंद करायला येतेय, माझ्याकडून तरी. परतीच्या वेळी माझ्याबरोबर निघायचं की नाही ते तू ठरव. तुझ्या खोलीतलं शिवणाचं मशीन मी बाहेर काढलंय, पलंग मोकळा आहे. तोवर रक्त तपासून घे, टूथपेस्ट बदलून बघ, एखादा फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर डॉक्टरला दाखव. हे सगळं कर, ती मुलगी मूर्ख नाही. पण जांभळं औषध मी आणत नाहीये. संत्री आणतेय. आत्ता तुला खाता यायची नाहीत, माहीत आहे. घरात असू देत.

तुझीच,
आई